पाण्यापलीकडची साक्ष

इफ्फत होडेकरला वाडीत दोन नावं आहेत. तोंडावर इफ्फतआपा आणि पाठ वळली की 'पुरावा'. "पुरावा येताय, जरा जपून बोला," असं खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या धक्क्यावर कुणीतरी पुटपुटतं आणि बाकीचे खाडीकडे बघत हसतात. हे नाव तिच्या कानावर गेलेलं आहे आणि, खरं सांगायचं तर, तिला ते आवडतंही. मालगुंडच्या पुढे, कातळाच्या पायथ्याशी खाडीला लागून असलेली ही वाडी. एका अंगाला मोहल्ला, दुसऱ्या अंगाला कुणब्यांची घरं आणि दोघांच्या मधे चिऱ्याच्या गडग्यांनी वाटून घेतलेल्या हापूसच्या बागा. जिथे आजवर सगळं शब्दावर चालत आलं, तिथे ही बाई उठता-बसता "कशावरून?" विचारते. तरीही लोक तिच्यावर जीव टाकतात, यातच तिचं निम्मं चरित्र आलं.

ही खोड तिला बापामुळे लागली. अयूब होडेकर तेव्हा मालवाहू जहाजावर होते आणि बंदराबंदरातून घरी पत्रं पाठवायचे. इफ्फत मजकूर नंतर वाचायची, आधी शिक्का बघायची. एकदा पोर्ट सईदच्या गमतींनी भरलेलं पत्र आलं आणि पाकिटावर शिक्का निघाला मुंबईचा. अयूब घरी आले तेव्हा ही चौथीतली पोर त्यांच्याशी बोलेना. पत्र जहाजावर लिहिलं, खिशात राहिलं आणि मुंबईला उतरल्यावर टाकलं, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. आईचा विश्वास बसला. इफ्फतने जहाजाचे कागद मागितले. अयूबनी कपाळावर हात मारून ट्रंक उघडली आणि कागद दाखवले, तेव्हा कुठे ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली.

पुढे ती रत्नागिरीत कॉम्प्युटर शिकली, तिथेच काही वर्षं शिकवलं. दापोलीकडचं आमीरचं स्थळ आलं, तेव्हा मुलाची डिग्री खरी आहे का हे तिने स्वतः फोन करून विचारलं. आमीर आता कुवेतला असतो आणि ही गोष्ट तिथल्या मित्रांना कौतुकाने सांगतो. आई गेली, अयूब एकटे पडले, तशी इफ्फत माहेरच्या घरी येऊन राहिली. बाग अयूबच बघत राहिले, तिच्याकडे आली ती वाडीतल्या बागायतदारांची सगळी उस्तवार. ती कुणी दिली नव्हती, तिनेच घेतली.

दोन हंगामांमागे वाडीच्या नावाला बट्टा लागला. वाडीच्या नावाचं लेबल लावलेल्या पेट्या पुण्यात गेल्या, आतला आंबा निघाला पिचका आणि आंबट, आणि शिव्या आल्या इकडे. पेट्या वाडीतल्या नव्हत्याच. त्या वेळी पेटीची नोंद फोनवरून व्हायची आणि फोन जिथे असेल ती जागा आपोआप लागायची. आता फोनला फसवणारी अ‍ॅपं फुकटात मिळतात. माणूस बसलेला असतो घाटावर कुठेतरी आणि त्याचा फोन छातीठोकपणे सांगतो की मी मालगुंडच्या कातळावर आहे. इफ्फतला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवणावर राग काढत होती.

मग तिने योगिनीला गाठलं. योगिनी तिची जुनी विद्यार्थिनी, आता रत्नागिरीत स्वतःच्या छोट्या कारखान्यात यंत्रं बनवते. दोघींनी मिळून डबी काढली. साबणाच्या डबीएवढी, वर सौरऊर्जेची पट्टी, प्रत्येक बागेत एका खांबाला स्क्रूने पक्की. डब्या एकमेकींना सतत हाका मारतात आणि उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून कोण किती लांब आहे ते ओळखतात. पेटी भरली की तिची नोंद त्या बागेच्या डबीवर होते, आणि शेजारच्या डब्या म्हणतात, होय, ही डबी तेव्हा तिच्या जागेवरच होती. ही साक्ष साखळीत जाते. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो आणि सगळी साखळी प्रत्येकाच्या डबीत असते. मागची एक नोंद कुणी बदलायला गेला तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि बाकीच्या डब्या त्याला उघडा पाडतात. थोडक्यात, काळ्या दगडावरची रेघ, आणि दगडही एक नाही, घरटी एक.

हे सगळं इफ्फतने पहिल्या सभेत सांगितलं तेव्हा लोकांचे चेहरे भिंतीसारखे झाले होते. शेवटी कमळाकाकूंनी, म्हणजे वाडीतल्या सगळ्यात जुन्या बागायतदारणीने, तोंडातलं पान बाजूला सारलं.

"म्हंजे कुकारा गो," त्या म्हणाल्या. "रानात मी कुकारा घालते, तू वो देतंस, त्यावरनं मला कळतं तू खंय हायस. लोकेशन काय लोकेशन."

वाडीने डब्या घेतल्या त्या कुकाऱ्याच्या जोरावर. इफ्फतने एक नियम मात्र स्वतः घातला. चाचणीच्या वेळी वानरांनी शेजारच्या संदेशच्या बागेतली डबी खांबासकट आडवी केली होती आणि त्याच्या खऱ्या नोंदी खोट्या दिसू लागल्या होत्या. म्हणून असं ठरलं की एखाद्या नोंदीवर वाद झाला तर सगळ्यांनी आपापल्या फोनवरून साक्ष द्यायची. निम्म्याहून अधिक होय म्हणाले तर ती नोंद खरी. पहिला हंगाम झकास गेला. पुण्याचा एक मोठा दुकानदार, नेहमीच्या घरांच्या पेट्या सोडून, वाडीचा सगळा आंबा घ्यायला तयार झाला, अट एकच, नोंदी स्वच्छ हव्यात. इफ्फत त्या दिवसापासून जरा छाती काढून चालायला लागली, आणि का चालू नये?

यंदा एप्रिलच्या पहिल्या तोडीला तिच्या फोनवर लाल खूण उमटली. मग दुसरी, मग ओळच लागली. 'जागा जुळत नाही.' तिने बागेचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. बाग अयूब होडेकरांची होती.

ती खांबापाशी गेली. खांब होता, डबी नव्हती. घरी आली तर अयूब पडवीत बसून भाकरी खात होते आणि डबी कापडी पिशवीत खुंटीला टांगलेली होती.

"अब्बा, ही डबी इथे काय करते?"

"लावतो आता परत. धोंडूकडे नेलेली."

धोंडू गोताड म्हणजे खाडीपलीकडचे, अयूबचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांची छोटी बाग थेट समोर, पाण्याच्या त्या काठाला. अयूबनी भाकरीचा तुकडा मोडत सगळं सांगितलं. यंदा आपल्या कलमांनी पालवी धरली, मोहोर आलाच नाही. तसं एक वर्षाआड होतंच. अशा वर्षी धोंडूचा आंबा आपल्या पेट्यांत भरायचा आणि आपल्या नेहमीच्या घरांना पोचवायचा, हे इफ्फतची आई होती तेव्हापासून चाललेलं. कोणाचं घर आंब्यावाचून राहायला नको. यंदा फरक एवढाच की डबी आली होती. तेव्हा अयूबनी स्क्रू काढले, डबी पिशवीत घातली, तरीतून पलीकडे नेली आणि धोंडूच्या बागेत मांडीवर घेऊन प्रामाणिकपणे एकेका पेटीची नोंद केली.

"आंबा जिथं तोडला, डबी तिथं नेली," ते म्हणाले. "मग त्यात खोटा काय झाला?"

इफ्फतला हसावं की ओरडावं कळेना. अख्ख्या जगाचे चोर पकडायला सापळा लावला आणि त्यात सापडला तो घरचा माणूस, तोही आपल्या पायाने चालत येऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आणि गिऱ्हाइकांना कधी सांगितलंत, की या वर्षीचा आंबा धोंडूकाकांचा आहे?"

"कोन विचारतो? धोंडूचा आंबा नि माझा आंबा काय वेगळा हाय?"

ती आत गेली आणि योगिनीला फोन लावला. तिकडे दुकानदाराने लाल खुणा पाहिल्या होत्या. आधी हे मिटवा, मग गाडी पाठवतो, असा त्याचा निरोप आला होता. म्हणजे अयूबपायी सगळ्यांचा आंबा अडकला. तोडलेला हापूस काही कुणाची वाट बघत नाही.

"नियम तुमचाच आहे, आपा," योगिनी म्हणाली. "निम्म्याहून जास्त लोकांनी डबी बिघडलेली होती असं म्हटलं, तर लाल खुणा जातील."

"आणि त्यांनी ठरवून खोटं सांगितलं तर?"

"तर यंत्र त्यालाच खरं धरेल. मोठ्या जाळ्यात हजारो अनोळखी माणसं असतात, त्यांचं आपसात जमत नाही म्हणून ती साखळी टिकते. तुमच्याकडे सगळे एका ताटात जेवणारे. त्यावर माझ्याकडे औषध नाही."

फोन ठेवल्यावर इफ्फत चुलीपाशी नुसती बसून राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीती ही नव्हती की लोक खोटं बोलतील. लोकांनी खोटं बोलावं असं तिला मनातून वाटत होतं. बापाच्या नावापुढची ती लाल ओळ कायमची राहणार, नातवंडांनाही दिसणार, आणि ती रेघ ज्या दगडावर पडली तो तिने स्वतः आणून ठेवलेला. आयुष्यभर दुसऱ्याकडे पुरावा मागितला, आता आपल्यावर आली तर पुरावा गिळून टाकावासा वाटतोय, हे तिचं तिला कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दुपार कलल्यावर कमळाकाकूंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळे जमले. वाद घालायला कुणी आलंच नव्हतं. जो तो आधीच अयूबच्या बाजूने. कमळाकाकूंनी सगळ्यांच्या हातात कोकम सरबत दिलं आणि विषय एका वाक्यात संपवला.

"वानरांनी डबी पाडली. संपलं."

"गेल्या साली माझी पाडलीच होती," संदेशने दुजोरा दिला. त्याने फोन बाहेर काढलासुद्धा. "आपा, साक्ष उघड. सगळे होय म्हनतो. अयूबचाचांनी माझ्या बापासाठी किती केलंय. एक बटन दाबायला काय जातंय?"

अयूब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा सैल पडला. आपली माणसं आपल्यामागे उभी राहिली की माणसाला बरं वाटतंच. त्याच वेळी धोंडू गोताड खळ्यात आले. उरलेल्या पेट्या तरीतून अलीकडे आणून टाकल्या होत्या, त्या कुठे ठेवायच्या एवढंच विचारायचं होतं. सभा बघून ते पायरीवरच टेकले आणि टॉवेलने मान पुसू लागले.

इफ्फत उठली. आपलेच दात, आपलेच ओठ, पण बोलायला दुसरं तोंड नव्हतं.

"मी नाही म्हणणार आहे," ती म्हणाली.

कमळाकाकूंचं पान चघळणं थांबलं.

"पुण्याचा माणूस आपला आंबा का घेतो? आपण चांगले आहोत म्हणून? त्याला काय माहीत आपण कसे आहोत. आपण एकमेकांसाठीसुद्धा खोटं सांगत नाही, एवढ्यावर तो घेतो. आज अब्बांसाठी वानर आणलं, की उद्या संदेशसाठी येईल, परवा माझ्यासाठी. मग घाटावरचा तो लबाड आणि आपण, फरक काय? त्याने फोनला फसवलं. आपण तर शेजाऱ्याला साक्षीला घेऊन फसवणार."

"पन आंबा काय वाईट नव्हता," संदेश म्हणाला. "फसवलंय कुनाला? खानाऱ्याला हापूसच मिळाला. कुनाचं काय गेलं?"

हा प्रश्न सरळ होता. तिने फोनवर त्या लाल नोंदी पुन्हा उघडल्या, काहीतरी सापडेल म्हणून. प्रत्येक नोंदीखाली शेजारच्या डब्यांनी काय ऐकलं ते होतं. कमळाकाकूंची डबी म्हणत होती, ऐकू आली, पण लांबून. संदेशची म्हणत होती, लांबून. तिसरीही तेच म्हणत होती. तिने नकाशा लावला. तिन्ही अंतरं पाणी ओलांडून एकाच ठिकाणी मिळत होती, समोरच्या काठाला. तिने मान वर केली. त्या ठिकाणचा माणूस पायरीवर बसून मान पुसत होता.

"धोंडूकाका," ती म्हणाली, "तुमचा आंबा कधी तुमच्या नावाने गेलाय?"

धोंडूंना प्रश्नच गमतीचा वाटला. "माज्या नावानं कोन घेनार गो? अयूबभायचं नाव मोठं. माजं गोड मानून घेतात ह्येच खूप."

ते अगदी सहज बोलले. त्यांच्या मनात कसलीही तक्रार नव्हती, आणि नेमकं तेच खळ्यातल्या प्रत्येकाला लागलं. अयूबना सगळ्यात जास्त. ते धोंडूंकडे बघत राहिले. शाळेतला दोस्त, सुखादुःखाचा सोबती, ईदला ज्याच्या घरी पहिलं ताट जातं तो. इतकी वर्षं आपण त्याच्या झाडाचा आंबा आपल्या नावाने लोकांच्या घरात पाठवला आणि ती आपली मेहेरबानी समजत राहिलो, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

"इफ्फत," ते म्हणाले, "साक्ष उघड."

तिने उघडली. 'डबी बिघडली होती काय?' अयूबनी चष्मा चढवला, आपला फोन समोर धरला आणि सगळ्यांच्या आधी 'नाही' दाबलं. मग कमळाकाकूंनी दाबलं. संदेशने थोडा वेळ घेतला, पण दाबलं. वानरं निर्दोष सुटली.

लाल ओळ राहिली. साक्षच 'नाही' आली म्हटल्यावर ती राहणारच होती, साखळीत हाताने पुसणं नाही. पण तिच्याखाली नवी ओळ घालता येते, आणि इफ्फतने ती तिथेच उभ्या उभ्या लिहायला घेतली. ही नोंद अयूब होडेकर यांच्या बागेची नाही. डब्यांनी दाखवलेली जागा खाडीपलीकडची आहे. बागायतदार धोंडू गोताड.

"वाच," धोंडू म्हणाले. तिने वाचलं. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"मधी बापाचं नाव घाल. धोंडू सोमा गोताड. कलमं त्यानं लावलीत, मी नुसतं पानी घातलंय."

तिने घातलं. या वेळी सगळ्यांची साक्ष 'होय' आली आणि संदेशने तर दोनदा दाबून बघितलं. संध्याकाळी इफ्फतने पुण्याच्या दुकानदाराला लाल ओळ, तिच्याखालची ओळ आणि मधला सगळा प्रकार काहीही न लपवता सांगितला. त्याने बरेच उलटसुलट प्रश्न विचारले. कशावरून, असंही विचारलं. इफ्फतने तिन्ही डब्यांची अंतरं त्याच्यापुढे ठेवली आणि विचारून विचारून त्याचा जीव दमेपर्यंत उत्तरं दिली. गाडी एक दिवस उशिरा आली, पण आली. योगिनीने पाठवलेली नवी डबी आता पलीकडच्या काठाला उंच खांबावर बसली आहे. अयूबच्या बागेपुढे साखळीत लिहिलंय, यंदा फळ नाही.

एक काम अयूबनी मुलीला करू दिलं नाही. नेहमीच्या घरांना फोन त्यांनी स्वतः केले. पहिला फोन पुण्याच्या दर्शनाताईंना, ज्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच आंबा घ्यायच्या. धोंडू शेजारी बाकावर बसलेले. फोन स्पीकरवर होता, कारण अयूबना एका कानाने कमी ऐकू येतं.

"ताई, यंदा आंबा माझा नाही," अयूब म्हणाले. "माझ्या दोस्ताचा आहे. पेटीवर नाव त्याचं येईल."

"अहो, पण मला तर तुमचाच हवा," पलीकडून आवाज आला. "दोन वर्षांपूर्वी आला होता ना, तसा आंबा आम्ही जन्मात खाल्ला नव्हता. मी तुम्हाला मुद्दाम फोन केला होता, आठवतं?"

"आठवतं," अयूब म्हणाले. "तो ह्याचाच होता. तुम्ही तारीफ केलीत आणि मी ऐकून घेतली."

पलीकडे दर्शनाताईंनी विचारलं, "ते आहेत का तिथे? मला त्यांच्याशीच बोलायचंय."

अयूबनी फोन बाजूला सरकवला. धोंडूंनी टॉवेलला हात पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेला.

"होय," ते म्हणाले. "मीच."